आधी पडायला शिकवा

मंडळी, जानेवारी २०२५ मध्ये दिल्लीत झालेला खो-खोचा पहिला विश्वचषक आपल्या पुरुषांनी आणि महिलांनीही जिंकला. प्रतीक वाईकर आणि प्रियांका इंगळे हे दोन्ही कर्णधार महाराष्ट्राचेच! ते पाहून आम्हा शहाडच्या आजी-आजोबांनाही वाटलं, नातवंडांनी खो-खो खेळावा. जरूर खेळावा. पण टीव्हीवरचे ते सूर मॅटवर मारलेले असतात, आणि आपल्याकडे मैदान म्हणजे माती नि खडे.

म्हणून माझं जुनं मास्तरी मत सांगतो. खेळण्याआधी मुलांकडूनच खडे वेचून घ्यावेत, पाणी मारावं, अंग मोकळं करून घ्यावं. सूर आधी मऊ मातीत शिकवावा, खांबाजवळचा सगळ्यांत शेवटी. खरचटलेलं मूल दुसऱ्या दिवशी येतं, धास्तावलेलं येत नाही.

नेहमीच्या खो-खोत आठ जण बसतात, एक पळतो. खो मिळाला की अशक्त पोरही उठून धावतं. खरी मजा तीच. तेव्हा प्रशिक्षकांना, "कप किती आणले?" असं विचारण्याआधी हे विचारा, "जूनमध्ये आलेल्यांपैकी दिवाळीनंतर किती जण येतात?"