चित्रकथेचा सातबारा कोणाच्या नावावर?

फेब्रुवारी १६८९ मध्ये मुकर्रबखानाने छत्रपती संभाजी महाराजांना जिथे कैद केले, ते कसबा संगमेश्वर २०२५ च्या ‘छावा’ चित्रपटामुळे देशभरातल्या प्रेक्षकांना माहीत झाले. शिवाजी सावंतांची कादंबरी १९७९ ची. ती पडद्यावर आली मुंबईच्या मोठ्या भांडवलावर. शास्त्री आणि सोनवीच्या संगमावर घडलेली गोष्ट एखाद्या दिवशी इथल्याच मुलाने किंवा मुलीने चित्रांतून सांगावी आणि ती तिथून पुढे वाढत जावी, असे वाटणे मुळीच अवाजवी नाही. तालुक्यात देवरुखला डी-कॅड हे कला महाविद्यालय आहे, महामार्गाने जरा उत्तरेला गेले की सावर्ड्याचे सह्याद्री स्कूल ऑफ आर्ट आहे. शिमग्यात नमनाच्या मेळ्यांतून काळ्या झग्यातला संकासुर नाचतो. चित्रकथेला याहून ठसठशीत पात्र शोधूनही मिळणार नाही. मग अडते कुठे? बहुतेकजण म्हणतील, पैशावर. माझ्या मते पैशाच्या आधी प्रश्न मालकीचा आहे. पात्राचा सातबारा पहिल्या दिवशी कोणाच्या नावावर लागतो, यावर त्याचे पुढचे आयुष्य ठरते.

‘टीनएज म्युटंट निंजा टर्टल्स’ ही आज जगभर खेळणी, मालिका आणि चित्रपटांतून दिसणारी कासवे १९८४ साली अमेरिकेतल्या डोव्हर या लहान शहरात छापील रूपात आली. केव्हिन ईस्टमन आणि पीटर लेअर्ड या दोन तरुण चित्रकारांनी करपरताव्याचे पैसे आणि काकांकडून घेतलेली उसनवारी यांतून कृष्णधवल अंकाच्या सुमारे ३,००० प्रती काढल्या. त्या संपल्या, पुन्हा छापल्या, पुन्हा संपल्या. नंतर मार्क फ्रीडमन नावाचा परवाने मिळवून देणारा मध्यस्थ आला. खेळणी बनवणाऱ्या प्लेमेट्स कंपनीने आधी दूरचित्रवाणी मालिका हवी, अशी अट घातली. त्यामुळे १९८७ च्या डिसेंबरात पाच भागांची मालिका आणि १९८८ मध्ये खेळणी असा क्रम लागला. १९९० चा चित्रपट मोठ्या स्टुडिओंनी नाकारला होता. हाँगकाँगच्या गोल्डन हार्वेस्टने तो सुमारे १.३५ कोटी डॉलरमध्ये केला आणि त्याने जगभरात जवळपास २० कोटी डॉलर मिळवले. या सगळ्या व्यवहारांत दोघांनी दिले ते वापराचे परवाने. कासवे त्यांचीच राहिली. पुढे लेअर्डने ईस्टमनचा वाटा घेतला आणि २००९ मध्ये हक्क विकले तेव्हा किंमत आली ६ कोटी डॉलर. याउलट सीगल आणि शूस्टर यांनी १९३८ मध्ये सुपरमॅन १३० डॉलरला कायमचा देऊन टाकला आणि म्हातारपणी निवृत्तिवेतनासाठी त्यांना जाहीरपणे दाद मागावी लागली.

आपल्याकडे कुंचल्याची वानवा कधीच नव्हती. सुपंडीला चेहरा दिला तो राम वाईरकरांनी, नागराजचे सुरुवातीचे अंक रंगवले ते पुण्याच्या प्रताप मुळीक यांनी. ही दोन्ही पात्रे आज प्रकाशनसंस्थांची मालमत्ता आहेत. प्रकाशकांनी छपाईची जोखीम उचलली, देशभर वितरण उभे केले, हे मान्यच आहे. पण पात्र मोठे झाल्यावर त्याचा वाटा चित्रकाराच्या घरी यावा, अशी व्यवस्था रुजली नाही. म्हणूनच चारुहास पंडित आणि प्रभाकर वाडेकर यांचा ‘चिंटू’ मला महत्त्वाचा वाटतो. २१ नोव्हेंबर १९९१ पासून तो ‘सकाळ’मध्ये दिसू लागला, मधली काही वर्षे ‘लोकसत्ता’त गेला आणि पुन्हा परतला. दैनिक बदलले तरी पप्पू, मिनी, बगळ्या यांच्यासह तो आपल्या निर्मात्यांबरोबर चालत राहिला. त्याची पुस्तके आली, २०१२ आणि २०१३ मध्ये श्रीरंग गोडबोले यांनी दोन चित्रपट केले. मराठी भाषेत, मराठी वाचकांच्या बळावर एवढे होऊ शकते, याचा हा पुरावा आहे.

यावर एक आक्षेप हमखास येतो: मराठी बाजार लहान, हक्क धरून बसलेल्या नवख्याला विचारणार कोण? यात तथ्य आहे. फ्रीडमन आणि प्लेमेट्स नसते तर कासवे डोव्हरपुरतीच राहिली असती. पण बाहेरच्या भांडवलाशी हातमिळवणी करणे आणि पात्र विकून टाकणे या दोन निराळ्या गोष्टी आहेत. आपला १९५७ चा प्रताधिकार कायदा इथे चित्रकाराच्या बाजूने उभा आहे. वर्तमानपत्रात नोकरी करताना काढलेल्या चित्रांबाबत, वेगळा करार नसेल तर, मालकाला हक्क मिळतो तो नियतकालिकांतल्या प्रकाशनापुरता. बाकी हक्क चित्रकाराचे. हक्क हस्तांतर लेखी आणि सहीनिशीच व्हावे लागते, आणि त्यात मुदत लिहिलेली नसेल तर ती पाच वर्षेच धरली जाते. एवढे आधार असताना ते हातचे जातात, कारण करार वाचायची सवय कोणी लावलेली नसते.

दुसरा आक्षेप अधिक खोलवरचा आहे. संकासुर गावाचा, संभाजी महाराज साऱ्या महाराष्ट्राचे. त्यांच्यावर कोणी मालकी सांगणे बरे दिसेल का? मुळीच नाही, आणि कायदाही तशी मालकी देत नाही. कायदा राखतो ती एका चित्रकाराने काढलेली चित्रे आणि रचलेली कथा. उद्या दहा जणांनी दहा संकासुर काढले तरी नमनाचे काही हिरावले जात नाही, उलट त्यात भर पडते. लोककलेतून उचलताना मेळ्यातल्या खेळ्यांना श्रेय आणि शक्य तिथे मोबदला द्यावा, हे मात्र कायद्यात नसले तरी पाळायलाच हवे. वाढीची किंमतही असते: मूळची अंधारी, हिंसक कासवे मालिकेत मुलांसाठी सौम्य झाली आणि दोघा मित्रांचा वेळ चित्रांऐवजी परवान्यांत जाऊ लागला. तरी तो निर्णय घेण्याचा अधिकार त्यांच्याकडे होता, आणि माझा आग्रह त्याच अधिकारासाठी आहे. देवरुख आणि सावर्ड्याच्या कलाशिक्षकांनी शेवटच्या वर्षात रेखाटनाबरोबर करार वाचायलाही शिकवावे. आणि पहिली चित्रकथा घेऊन बाहेर पडणाऱ्या विद्यार्थ्यांनी प्रताधिकार कायद्याची कलमे १७ आणि १९ वाचल्याशिवाय कोणत्याही कागदावर सही करू नये.