बिऱ्हाड हलवितांना

बिऱ्हाड सोडणाऱ्यानें जागा झाडून द्यावी, हा आपल्या घरोघरचा रिवाज. समुद्रासही तो लागू असावा, असें आम्हांस वाटतें. पालघर-तारापूरच्या वायव्येस, भर समुद्रांत, ताप्ती वायुक्षेत्राचें उत्पादन २०१६ सालीं थांबलें. पुढें तेथील विहिरींवरचे पांच लोखंडी मनोरे उतरविण्यांत आले. देशांतील असें हें पहिलेंच काम.

अशा मनोऱ्यांच्या पायांवर वर्षानुवर्षें कालवें व शिंपले चिकटतात. त्यांच्या आसऱ्यास मासे येतात. मनोरा काढावा, तर तो आसरा जातो व तळचा गाळ ढवळून निघतो. ठेवावा, तर लोखंड गंजतें व जाळीं फाटतात. १९९५ सालीं ब्रेंट स्पार ही तेलाची टांकी अटलांटिकांत बुडविण्याचा बेत लोकक्षोभामुळें सोडावा लागला, आणि १९९८ सालीं ईशान्य अटलांटिकच्या राष्ट्रांनीं, कांहीं अपवाद वगळून, असे सांगाडे समुद्रांत टाकण्यास बंदी केली.

मुंबई हाय येथून १९७६ पासून तेल निघत आहे. तेथील मनोऱ्यांसही कधींतरी निरोप द्यावाच लागेल. तेव्हां गाळ व मासळी यांची तपासणी कामापूर्वीं व कामानंतरही व्हावी, आणि तिचा निष्कर्ष पापलेटावर पोट असलेल्या सातपाटीच्या कोळ्यांस मराठींत कळवावा. शेजाऱ्याचा तेवढा हक्क आहेच.