ग्राहकाला ‘या सर’, कचऱ्यावाल्या ताईंना ‘ए’?



‘लोकांना मॅनर्सच राहिले नाहीत’ हे वाक्य मला रोज कुणीतरी ऐकवतं. मला हे अर्धंच पटतं. ज्याच्याकडून पैसे येणार, त्याच्याशी आपण सगळेच फार गोड बोलतो. बाकीच्यांशी कसं बोलतो? म्हणून एखाद्या दुकानात गेलो की काउंटर सोडून मी आधी मागचा डस्टबिन बघतो.

पुण्यात तो डस्टबिन कुणीतरी हाताने उघडतं, आणि बहुतेक वेळा ती एक बाई असते. कचरावेचकांची ‘कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत’ १९९३ मध्ये उभी राहिली. त्यातूनच पुढे त्यांच्या स्वतःच्या मालकीची ‘स्वच्छ’ ही सहकारी संस्था झाली. महापालिकेशी करार करून या ताई दारोदार कचरा गोळा करतात. म्हणजे बघा, त्याही आपल्यासारखा धंदाच करतात. दरमहा ठरलेली फी आणि सुक्या कचऱ्यातलं भंगार विकून आलेले पैसे, ही त्यांची कमाई.

आता गंमत अशी (गंमत कसली म्हणा!), की कागदाला भाव असतो, म्हणून कागदाचं पुडकं दिसलं की त्या ते सोडवून बघणार. आत निघतं काय? वापरलेलं पॅड, बाळाचं डायपर, नाहीतर फुटलेल्या ग्लासच्या काचा. याच त्रासातून त्यांनी पुण्यात ‘रेड डॉट’ मोहीम चालवली. सॅनिटरी कचरा कागदात गुंडाळायचा आणि वर एक लाल ठिपका काढायचा. ठिपका दिसला की पुडकं उघडायचं नाही, एवढं साधं. कचरा वेगळा करून देणं २०१६ च्या नियमांपासून आपल्यालाच बंधनकारक आहे, ते वेगळंच.

आणि पैशांचं काय? सप्लायरला आपण क्यूआर स्कॅन करून तिथल्या तिथे पैसे देतो. ताईंनी महिन्याची फी मागितली की ‘उद्या या’. हे कोपऱ्यात उभा असलेला तुमचा पोरगा ऐकतोय, बरं का! उद्या तुम्ही नसताना, काही विकत न घेता परत जाणाऱ्या गिऱ्हाइकाशी तो त्याच सुरात बोलणार. मग माझ्याकडे येऊन ‘सर, स्टाफला कस्टमर सर्व्हिसचं ट्रेनिंग द्या’ म्हणू नका.

एक लाल मार्कर दहा-वीस रुपयांना येतो. दोरीने डस्टबिनलाच बांधून ठेवा. आणि ताईंचं नाव काय, ते आज विचारून घ्या.