आमचा तो अभ्यास

टोरांटोजवळच्या एका मराठी घरात, तळघरातल्या मोठ्या टीव्हीसमोर आम्ही आठ-दहा जण आइस हॉकीचा सामना पाहत होतो. शेवटचे मिनिट उरले होते. एका गोलाने मागे असलेल्या संघाने या खेळाच्या रिवाजाप्रमाणे गोलरक्षक बाहेर काढून सहावा खेळाडू उतरवला, आणि समोरच्याने मोकळ्या जाळ्यात चकती सारली. सामना तसाही गेल्यातच जमा होता; तरी यजमान उडी मारून ओरडले. त्यांच्या अकरा वर्षांच्या मुलाने मला समजावले, "काका, बाबांची पैज पक लाइनवर होती. दोन गोलांनी जिंकायला हवं होतं." पोराच्या हुशारीचे सगळ्यांनी कौतुक केले. मीही केले.

हे कौतुक आपल्या रक्तात जुने आहे. बलिप्रतिपदेला आपण द्यूतप्रतिपदा म्हणत आलो. जुगाऱ्याच्या बायकोचे आणि आईचे हाल सांगणारे सूक्त ऋग्वेदातच आहे, पण त्याने फासे थांबले नाहीत. द्रौपदी पणाला लागली तेव्हा सभेत शहाण्यांची वाण नव्हती. पुढे मुंबईत न्यूयॉर्कच्या कापसाच्या भावांवर आकडे लागू लागले, त्यातून मटका उभा राहिला. गिरणी कामगाराच्या मुठीतल्या चिठ्ठीला आपण पांढरपेशांनी नाद म्हटले, त्याच्या वस्तीला नावे ठेवली. आज तीच चिठ्ठी आपल्या मोबाइलवर आली, तेव्हा मात्र तिला आपण अभ्यास म्हणतो. गोलरक्षकाची टक्केवारी पाहतो, संघाचा कालचा प्रवास मोजतो आणि स्वतःला जुगारी समजत नाही. त्या कामगाराला निदान आपण काय करतो आहोत हे ठाऊक होते.

कॅनडात २७ ऑगस्ट २०२१ पासून एकाच सामन्यावर पैज लावणे कायदेशीर झाले. ४ एप्रिल २०२२ला ऑन्टारिओने खासगी कंपन्यांना ऑनलाइन बाजार खुला केला, आणि वेन ग्रेट्स्कीसारखा देवाच्या जागी बसवलेला हॉकी खेळाडूही जाहिरातीत दिसू लागला. खेळाडूंना अशा जाहिरातींत वापरण्यावर ऑन्टारिओने २०२४मध्ये बंदी घातली. सरकारला जे उमगले ते आपल्याला का उमगू नये? नवशिक्याला मनीलाइन म्हणजे कोण जिंकणार, टोटल म्हणजे एकूण गोल किती, हे आपण हौसेने शिकवतो. हिशेब शिकवत नाही. दोन्ही बाजूंना १.९१ भाव असेल आणि कोणी दोन्हींवर शंभर-शंभर डॉलर लावले, तर कोणीही जिंको, हाती १९१ येतात. नऊ डॉलर कंपनीचे. नुसते मुद्दल राखायलाही शंभरात त्रेपन्न वेळा बरोबर यावे लागते. इंजिनिअरांच्या, हिशेबनिसांच्या आपल्या घोळक्यात हे गणित कोणाला येत नव्हते? मला येत होते. मी गप्प बसलो, कारण समोसे गरम होते आणि यजमान खुशीत होते.

पुढच्या हिवाळ्यात त्याच घरी मुलाच्या शिक्षणासाठी साठवलेल्या रकमेला हात लागला. ते मला त्याच्या आईने सांगितले, स्वयंपाकघरात, नळ सोडून, आवाज बाहेर जाऊ नये म्हणून. त्या रात्रीही खाली सामना चालू होता.

मुलगा आता बारा वर्षांचा आहे. ऑन्टारिओत पैज लावण्याचे वय एकोणीस आहे. आपल्या हाती सात वर्षे आहेत.