मूळ नस्ती आणि तिची प्रत

मूळ नस्तीतील चूक तशीच ठेवून बाहेर जाणारी प्रत तेवढी दुरुस्त करावी, असा मोह कार्यालयात अनेकांना होतो. जीवशास्त्रात मात्र हा मार्ग आता गांभीर्याने अभ्यासला जात आहे.

क्रिस्पर-कॅस९ हे साधन पेशीतील डीएनए, म्हणजे मूळ नस्तीच, कापते. कॅस१३ हे त्याच कुळातील विकर आरएनएला, म्हणजे प्रथिने घडवण्यासाठी काढलेल्या प्रतीला, पकडते. अमेरिकेतील ब्रॉड इन्स्टिट्यूटमध्ये फेंग झँग यांच्या गटाने २०१७ मध्ये कॅस१३ची कापण्याची शक्ती काढून घेतली, नेमकी जागा शोधण्याची तेवढी ठेवली, आणि मानवी पेशीत मुळातच असणारे एडार हे विकर त्याला जोडले. त्यामुळे ठरलेल्या जागचे ‘ए’ हे अक्षर असे बदलते की पेशी ते ‘जी’ म्हणून वाचते.

आरएनए अल्पायुषी असतो. दुरुस्ती चुकली तरी ती कायमची राहत नाही. भ्रूणावस्थेत जनुके बदललेल्या मुलींच्या जन्माची चीनमधील वार्ता २०१८ मध्ये ऐकून जे हादरले, त्यांना या गुणाचे मोल सांगावयास नको.

अर्थशास्त्राचा विद्यार्थी म्हणून मला दुसरी बाजू अधिक दिसते. डीएनएची दुरुस्ती हा भांडवली खर्च आहे, आरएनएची दुरुस्ती हा महसुली. २०२४ मध्ये वेव्ह लाइफ सायन्सेस या कंपनीने रुग्णांच्या शरीरात आरएनए दुरुस्त झाल्याचे प्रथम जाहीर केले. त्यात कॅस१३ नव्हते, रुग्णाचेच एडार कामास लावले होते. ते औषधही ठरावीक अंतराने टोचावे लागते.

आपली व्यवस्था यासाठी तयार आहे काय? २०२१ च्या राष्ट्रीय दुर्मीळ आजार धोरणात आरंभी अर्थसाहाय्य होते ते एकदाच्या उपचाराने बरे होणाऱ्या आजारांपुरते. २०२२ मध्ये ते सर्व गटांना लागू झाले व मर्यादा ५० लाख रुपये झाली. पण ही मर्यादा रुग्णामागे आहे, वर्षामागे नाही. आजन्म औषध लागणाऱ्या बालकाची रक्कम संपते, आजार संपत नाही.

माझ्या वैयक्तिक मते आजन्म उपचारांसाठी वार्षिक मर्यादा ठरवावी, आणि औषधाचा गुण येत राहील तोवरच कंपनीला हप्ते द्यावेत. वित्त विभागातील माझे मित्र यावर कपाळाला आठ्या घालतील, हे मी जाणतो. परंतु ही औषधे अद्याप चाचण्यांत आहेत, तोवरच हा हिशेब शांतपणे मांडता येईल. एकदा ती बाजारात आली की तो न्यायालयात, एकेका याचिकेगणिक मांडावा लागेल.