त्या नगरीत झाडलोट कोण करतो?




गेल्या महिन्यात आमच्या गावी सप्ताह बसला होता. बाहेरगावाहून आलेल्या एका पुराणिकबोवांनी दोन रात्री सोन्याच्या द्वारकेचे वर्णन लावले. रत्नांचे खांब काय, स्फटिकाच्या भिंती काय, रस्तोरस्ती चंदनाचे सडे काय! ज्यांच्या घरचे पत्रे पावसाळ्यात गळतात अशी माणसेही मान डोलवू लागली. इतक्यात मागे बसलेल्या एका म्हाताऱ्या कुंभारणीने विचारले, "बोवा, येवढे सडे पडायचे, तर तिथं झाडलोट कोन करत व्हतं?" मंडळी हसली. बोवाही हसले आणि म्हणाले, "आजीबाई, देवाच्या नगरीत केर होतच नाही." झाले, कथा पुढे चालू.

मला मात्र हसू आले नाही. इतकी वर्षे मुलांच्या परीक्षा घेऊन जो प्रश्न मला सुचला नव्हता, तो त्या आजीबाईने एका वाक्यात घातला. नगरी खरी असो की कल्पनेतली, तिची पारख सोन्यावरून करू नये. तिथला केर कोणाच्या माथी मारला आहे यावरून करावी. खऱ्या गावात सुधारणा करू म्हटले तर पाटील आडवा येतो, सावकार आडवा येतो, रूढी आडवी येते. पण कागदावर नगरी रचताना कोण अडवितो? तेथे मनुष्य आपल्या मनाचा राजा. अशा फुकटच्या नगरीतही ज्याने कोणाला तरी खाली ठेवले, त्याचे मन काय लायकीचे होते हे निराळे सांगावयास नको. सबब जगात नावाजलेल्या तीन मनोराज्यांना आजीबाईचा प्रश्न विचारून पाहू.

पहिली नगरी ग्रीस देशातल्या प्लेटोची. हा अथेन्सचा तत्त्ववेत्ता सुमारे २४०० वर्षांपूर्वी होऊन गेला. त्याच्या नगरीत ज्ञानी लोक राज्य करतात, शिपाई रक्षण करतात, आणि शेतकरी व कारागीर या सर्वांस पोसतात. पोसणाऱ्यांस कारभारात शब्द नाही. हे त्यांनी मुकाट्याने सोसावे म्हणून प्लेटोने एक गोष्ट रचली. देवाने माणसे घडविताना राज्यकर्त्यांत सोने मिसळले, शिपायांत चांदी, आणि शेतकरी-कारागिरांत लोखंड व कासे! वाचकहो, ही गोष्ट ओळखीची वाटते ना? आपल्याकडे तिचेच नाव पुरुषसूक्त. तेथे धातू होते, येथे अवयव आहेत: कोणी मुखातून, कोणी बाहूंतून, कोणी मांड्यांतून, आणि तुम्ही-आम्ही पायांतून. परंतु प्लेटोच्या पदरात न्यायाचे माप टाकलेच पाहिजे. ही गोष्ट खोटी आहे, पण राज्याच्या सोयीसाठी सांगावी, असे तो स्वतःच लिहून गेला. शिवाय लोखंडाच्या पोटी सोने निपजले तर त्या पोरास वर घ्यावे, आणि सोन्याच्या पोटी कासे निपजले तर त्यास शेतकऱ्यांत धाडावे, असेही त्याने सांगितले. आमच्या शास्त्रकारांनी खोट्यास खोटे म्हटले नाही, आणि वर जाण्याची शिडी तर जन्मतःच काढून घेतली.

दुसरी नगरी विलायतेतील सर टॉमस मोर याची. हा पुढे इंग्लंडच्या राजाचा मुख्य प्रधान झाला आणि राजाच्या मर्जीविरुद्ध वागला म्हणून १५३५ साली त्याचा शिरच्छेद झाला. १५१६ साली त्याने लॅटिन भाषेत 'युटोपिया' नावाच्या बेटाचे वर्णन छापले. त्या बेटावर ५४ शहरे. दिवसाला सहाच तास काम. घरांना कुलूप नाही, आणि दर दहा वर्षांनी चिठ्ठ्या टाकून घरांची अदलाबदल, म्हणजे हा वाडा माझ्या बापाचा असे कोणी म्हणू नये. सोन्याची तर अशी किंमत की त्याची मूत्रपात्रे करतात! वाचता वाचता आपण वाहवा म्हणणार, तोच आजीबाईचा प्रश्न आठवतो. तेथे घाणीचे काम कोण करतो? गुलाम! जनावरे कापण्याचे काम शहराबाहेर, तेही गुलामांनी करावयाचे. कां, तर नागरिकांच्या मनाची दया कमी होऊ नये म्हणून. भोजनगृहातील जड व गलिच्छ कामे गुलामांची. आणि त्या स्वस्त सोन्याचा आणखी एक उपयोग कोणता, तर गुलामांच्या बेड्या. गुलामाचे पोर मात्र गुलाम नव्हे, एवढी माणुसकी मोरसाहेबाने राखली; तेवढ्यापुरता तो आमच्या स्मृतिकारांहून बरा. पण हात आपले स्वच्छ राहावेत म्हणून दुसऱ्याचे हात घाण करावयाचे, ही खोड त्या थोर पुरुषासही सुटली नाही.

आता तिसरी नगरी पाहा. सुमारे ५०० वर्षांपूर्वी काशीत एक चांभार जोडे शिवीत असे. उत्तरेकडे त्यास रविदास अगर रैदास म्हणतात, आपल्याकडे संत रोहिदास. १६०४ साली गुरू अर्जुन यांनी सिद्ध केलेल्या शिखांच्या आदिग्रंथात त्याची सुमारे ४० पदे आहेत. आपल्या जातीचे लोक काशीच्या आसपास मेलेली ढोरे ओढतात, ही गोष्ट त्याने पदात लपविली नाही, उलट उघड सांगितली. त्याच्यामागे भिक्षुकांनी काय केले? हा मागल्या जन्मीचा ब्राह्मण होता, याने कातडी चिरून आत सोन्याचे जानवे दाखविले, अशा कथा रचल्या! जिवंतपणी ज्याची सावली नको, मेल्यावर त्याच्या पोटात जानवे घालावयास हे तयार.

या चांभाराने एका पदात एक शहर वसविले आहे. नाव बेगमपुरा. हा कोणा बेगमेचा पुरा नव्हे. 'गम' म्हणजे दुःख, चिंता. जेथे ती नाही ते बेगमपूर. शेतकऱ्याला हा शब्द परका नाही. पावसाळ्यापूर्वी आपण सरपणाची बेगमी करतो, वर्षाच्या दाण्यांची बेगमी करतो. कणगीत दाणे आहेत म्हणून जिवाला घोर नाही, तीच ही बेगमी. एका घराची बेगमी आपण जाणतो. रोहिदासाने सबंध शहराची बेगमी कल्पिली.

त्या शहराचा कारभार कसा? तेथे रत्नांचे खांब नाहीत, सडेही नाहीत. तेथे खिराज भरण्याचा घोर नाही. चूक झाली, आता काय होईल, हे भय नाही. वस्ती भरलेली आहे आणि रहिवासी पोटभर आहेत. ज्याला जिकडे वाटेल तिकडे त्याने फिरावे. महालाच्या दाराशीसुद्धा कोणी हटकणार नाही. आणि सर्वांत मोठी गोष्ट ही की तेथे दुसऱ्या-तिसऱ्या पायरीचा कोणी नाही. सारे एकाच पायरीवर. प्लेटोच्या धातूंना आणि मनूच्या चार वर्णांना त्या चांभाराने एका ओळीत उत्तर दिले. पदाचा शेवट तर सोन्याने मढवावा असा आहे. आपला मित्र कोण, हे सांगताना त्याने जातभाई म्हटले नाही, सोयरा म्हटले नाही, गुरुबंधूही म्हटले नाही. जो आपल्या शहराचा रहिवासी, तोच आपला मित्र, असा त्याचा निवाडा. एका गावचे पाणी पितो एवढे नाते त्याला पुरले!

मोर प्रधानपदाला चढला, प्लेटो श्रीमंत घरचा. त्यांच्या कल्पनेला गुलाम लागले, लोखंडाची माणसे लागली. ज्याच्या स्वतःच्या हाताला कातड्याचा वास होता त्याच्या कल्पनेला खालचा मनुष्य लागला नाही. कां? कारण केर कोण काढतो हे त्याला विचारावे लागले नाही. तो स्वतःच जाणत होता.

यावर दोन आक्षेप घेतात. पहिला असा की, हे मेल्यानंतरच्या वैकुंठाचे वर्णन आहे, त्याचा गावकारभाराशी काय संबंध? मी उलट विचारतो, वैकुंठात खिराज वसूल करणारा कोण बसला आहे, की तो नाही हे मुद्दाम सांगावे लागले? शहर, पातशाही, खिराज, महाल हे शब्द देवळातले नव्हेत, कचेरीतले आहेत. ज्याच्या पाठीवर कचेरीचे वळ उठतात तोच स्वर्गाचे वर्णन करताना कचेरीचे शब्द वापरतो. रोहिदासाच्या पदात परमार्थ नाही असे मी म्हणत नाही. पण परमार्थाच्या नावावर त्यातला अर्थ गिळू देऊ नका, एवढेच म्हणणे.

दुसरा आक्षेप शहाण्यांचा. कर नाही तर शहर चालेल कसे? प्रश्न रास्त आहे. रस्ता, पाणी, शाळा, दवाखाना फुकट होत नाहीत. पण आसमानी-सुलतानीत होरपळलेल्या माणसाच्या तोंडी खिराज म्हणजे काय? ज्याचा हिशेब विचारता येत नाही असे घेणे. सन १८८२ साली जोतीराव फुले यांनी हंटर कमिशनपुढे हेच गाऱ्हाणे मांडले की, पैसा शेतकऱ्याच्या घामाचा आणि खर्च वरच्या वर्गाच्या शिक्षणावर. आपण दिले, कोठे गेले ते दिसले, आपल्याच पोराच्या उपयोगी पडले, तर ती वर्गणी; दिले आणि त्याच हाताने धाक बसला, तर तो खिराज. बेगमपुऱ्यात वर्गणीस बंदी असेल असे मला वाटत नाही.

आता कोणी म्हणेल, मनोराज्य ते मनोराज्य, प्रत्यक्षात काय? प्रत्यक्षात हे शहर विटेविटेने उभे राहत आले आहे. १८६८ साली जोतीरावांनी आपल्या घरचा हौद अस्पृश्यांना खुला केला, ही एक वीट. २० मार्च १९२७ रोजी डॉ. आंबेडकर हजारो लोकांसह महाडच्या चवदार तळ्याचे पाणी प्याले, ही दुसरी. १९३० साली नाशिकच्या काळाराम मंदिराच्या दाराशी सत्याग्रह सुरू झाला, ही तिसरी. आणि २६ जानेवारी १९५० पासून अमलात आलेल्या राज्यघटनेत तर बेगमपुऱ्याचा सारा नकाशाच उतरला. कलम १५ मध्ये विहिरी, तलाव, घाट, रस्ते सर्वांना खुले. कलम १७ मध्ये अस्पृश्यता नष्ट. कलम १९ मध्ये देशभर फिरण्याची व राहण्याची मोकळीक. कलम २३ मध्ये वेठबिगारीस बंदी. रोहिदासाने जे गाण्यात मागितले ते कायद्यात आले.

पण कायद्यात आले म्हणून गावात आले काय? येथे मला भटजी-शेटजींवर बोलावयाचे नाही; ते आपण नेहमीच बोलतो आणि ऐकून आपल्याला बरेही वाटते. आज मला आपल्याच घरात दिवा लावावयाचा आहे. बंधूंनो, रागावू नका. भिक्षुकाने आपल्याला पायांतून जन्मलेला म्हटले की आपले रक्त तापते. मग आपल्या पायांखाली आपण कोणाला ठेवले आहे? गावच्या महालाचे दार आता भटजी अडवीत नाही, अनेक ठिकाणी आपणच अडवितो. राज्य सरकारने २०२० साली जातिवाचक वस्त्यांची नावे बदलण्याचा निर्णय घेतला. कित्येक ठिकाणी पाटी बदलली, पण त्या वस्तीचा रस्ता सर्वांत शेवटी, तिचे स्मशान निराळे, तिचा नवरदेव वेशीतून घोड्यावर निघाला की आपल्या कपाळाला आठी, हे बदलले काय? डोक्यावरून मैला वाहण्यास बंदी करणारे कायदे १९९३ साली झाले आणि २०१३ साली झाले. २०२३ साली सर्वोच्च न्यायालयाने गटारात उतरून मेलेल्या कामगाराच्या घरच्यांस ३० लाख रुपये देण्याचा हुकूम केला. माणसे मरत होती म्हणूनच तो हुकूम करावा लागला ना? आणि मेलेल्यांची आडनावे वाचून पाहा; मोरसाहेबाच्या बेटावर गुलामाचे पोर तरी सुटत होते.

दर माघी पौर्णिमेला रोहिदासांच्या तसबिरीला हार पडतो. पुढारी येतात, भाषण करतात, जातात. तसबीर चांभारवाड्यात आणि हारही चांभारवाड्यात! ज्याने एका शहराच्या नात्याला सर्व नात्यांच्या वर ठेवले, त्याला आपण एका आळीत कोंडले. कुणबी, माळी, धनगर, सुतार, लोहार, कुंभार यांच्या किती घरांत त्याची तसबीर आहे, हे ज्याने त्याने आपल्या भिंतीकडे पाहून सांगावे.

तात्पर्य, सोन्याच्या द्वारकेचे वर्णन पुन्हा कोणी करू लागला तर खुशाल ऐका, पण ऐकून झाल्यावर येत्या ग्रामसभेत उभे राहून तीन गोष्टी विचारा. गावचे पाणी शेवटच्या वस्तीला पहिल्या वस्तीइतकेच येते काय? स्मशान एक आहे काय? गावचे गटार कोण उपसतो, त्याला रोज किती मिळतो, आणि उद्या त्याचे पोर शाळा सोडून तेच फावडे हाती घेणार काय? उत्तर न मिळाल्यास पुढल्या सभेत पुन्हा विचारा. हे प्रश्न विचारावयास पोथी लागत नाही, जानवे लागत नाही, फार शिक्षणही लागत नाही. आमच्या गावच्या कुंभारणीने ते निरक्षर असून विचारले.

दुसऱ्या दिवशी सप्ताहाची पंगत उठल्यावर मी पाहिले, पत्रावळी उचलण्यास नेहमीच्याच वस्तीतील बायका वाकल्या होत्या. आजीबाईंनी पदर खोचला आणि त्यांच्या शेजारी जाऊन पत्रावळी उचलू लागल्या. मला लाज वाटली; मीही वाकलो. मागून माझ्या शाळेतली चार पोरे आली. बोवा तोवर दक्षिणा घेऊन मोटारीत बसले होते. देवाच्या नगरीत केर होत नसेल. आमच्या गावात होतो, आणि तो सर्वांचा आहे.

आपला,
एक खेड्यातील पंतोजी