तुळशीचा ओझोन

यंदाच्या उन्हाळ्यांत आम्ही चार दिवस महाबळेश्वरीं होतों. एका सायंकाळीं तेथें 'तुळस आणि विज्ञान' या विषयावर व्याख्यान आहे असें कळलें, म्हणून गेलों. वक्ते बहुश्रुत होते, वाणी रसाळ होती, सभागृह भरलें होतें. तुळस ही रात्रंदिवस प्राणवायु सोडणारी एकमेव वनस्पति आहे, पहांटे तर ती ओझोन सोडते, आणि हें सर्व ठाऊक असल्यामुळेंच आपल्या पूर्वजांनीं तिला अंगणांत स्थान दिलें, असें त्यांनीं ठासून सांगितलें. टाळ्यांचा कडकडाट झाला. बाजारांतून परततांना चिक्की, फुटाणे आणि स्ट्रॉबेरीचा जॅम यांच्या शेजारीं पंचतुळशीच्या अर्काच्या इवल्या बाटल्या मांडलेल्या दिसल्या. एका बाटलीवरील रोगांचीं नांवें आम्हीं मोजलीं. सर्दीपासून मधुमेहापर्यंत बावीस भरलीं. त्या टाळ्या आणि ही बाटली यांचें जें नातें आहे, त्याविषयीं चार शब्द लिहावयाचे आहेत.

प्रथम ओझोनचा निकाल लावूं. हिरवें पान प्राणवायु सोडतें तें प्रकाशांत. सूर्य मावळला कीं ती क्रिया थांबते आणि पान तुमच्या-आमच्यासारखें केवळ श्वासोच्छ्वास करीत राहतें, म्हणजे प्राणवायु घेतें. तुळस या नियमाला अपवाद नाहीं, वड-पिंपळही नाहींत. ओझोनची गोष्ट तर याहून मौजेची आहे. हा वायु आकाशांत फार उंचावर असला म्हणजे सूर्याच्या घातक किरणांपासून आपलें रक्षण करतो. परंतु जमिनीलगत तो श्वासनलिकेचा दाह करतो व दमेकऱ्याचा दमा वाढवितो. तुळस खरोखरच ओझोन सोडती तर नगरपालिकांना वृंदावनें बंद करण्याचा हुकूम काढावा लागला असता! वस्तुस्थिति नेमकी उलट आहे. तुळशीच्या सुगंधांत कॅरिओफायलीन नांवाचें एक द्रव्य असतें, आणि त्याची ओझोनशीं गांठ पडतांच दोन्हीं एकमेकांस नष्ट करतात. वक्त्यांनीं तुळशीला ज्याची जननी ठरविलें, त्याची ती वैरीण आहे.

आम्ही तुळशीचे निंदक आहों, असें मात्र कोणीं समजूं नये. आमच्या मातोश्री तुळशीला पाणी घातल्याखेरीज चहा घेत नसत, आणि वारकऱ्याच्या गळ्यांतील माळेला कोणत्याही प्रयोगशाळेच्या दाखल्याची गरज आहे असें आम्हांस कधींच वाटलें नाहीं. आमचा आक्षेप आहे तो दाखला खोटा तयार करण्यावर. ज्याला तुळस पूज्य आहे त्यानें तिची पूजा करावी. परंतु जो म्हणतो कीं ती औषध आहे, त्यानें कोणत्या रोगावर, कोणत्या मात्रेनें, किती दिवस, आणि कोणास देऊं नये, हें सांगितलें पाहिजे.

आमच्या प्राचीन वैद्यांस ही शिस्त ठाऊक होती. चरकाच्या ग्रंथांत तुळस 'सुरसा' या नांवानें श्वासहर औषधांच्या गणांत येते. सुश्रुताचा एक गणच सुरसादि म्हणून ओळखला जातो. उचकी, खोकला, दमा, बरगडींतील कळ, असे तिचे मोजके उपयोग सांगून त्याच दमांत ती कफ-वात हरण करते पण पित्त वाढविते, हेंही सांगितलें आहे. बाटलीवरील बावीस नांवांत हें पित्त कोठें आहे? गुण सांगतांना दोषही सांगणारा वैद्य दोन हजार वर्षांपूर्वींचा, आणि दोष गाळून गुणांची बेरीज करणारा मात्र आजचा. तरीही 'पूर्वजांचा अभिमान' या दुसऱ्याच्या खात्यावर जमा होतो.

रसायनशास्त्र तुळशीविषयीं काय सांगतें तेंही पाहूं. पानांतून वाफेनें जें उडनशील तेल निघतें, तें ताज्या पानांच्या वजनाच्या शंभरांत एक भागही भरत नाहीं. त्यांत बहुधा मुख्य असतें तें युजेनॉल, म्हणजे लवंगेच्या तेलांतील तेंच द्रव्य, ज्याचा उपयोग दंतवैद्य दाढेची कळ थांबविण्यासाठीं करतात. तेल निघून गेल्यावरही पानांत उर्सोलिक आम्ल, रोझमॅरिनिक आम्ल अशीं द्रव्यें राहतात व त्यांचे दाहनाशक गुण प्रयोगशाळेंत दिसलेले आहेत. पण 'बहुधा' हा शब्द वाचकांनीं नजरेआड करूं नये. कांहीं झाडांत युजेनॉलच्या जागीं मेथिल युजेनॉलचा भरणा असतो, आणि हें द्रव्य मोठ्या मात्रेंत दिलेल्या उंदरांना यकृताचा कर्करोग झालेला आहे. सकाळीं प्रसादाचीं दोन पानें खाणारास त्यानें भिण्याचें कारण नाहीं. अर्क आटवून विकणारानें मात्र आपल्या बाटलींत काय आहे तें मोजलें पाहिजे. जात, माती, ऋतु, तोडणीची वेळ यांनीं हें प्रमाण बदलतें. कृष्णेच्या उगमाशीं, दोनशें इंचांहून अधिक पावसांत वाढलेली तुळस आणि तीच कृष्णा सांगलीस पोंचल्यावर तेथल्या काळ्या मातींत वाढलेली तुळस, यांचें तेल एकच असेल हें गृहीत धरतां येत नाहीं. त्यांतून 'पंचतुळस' म्हणजे तर रानतुळस, सब्जा अशा निराळ्या जातींचें मिश्रण! कोणती किती, हें बाटली सांगत नाहीं.

ही चिकित्सा कोणास कीस काढण्यासारखी वाटेल. आमच्या शेजारच्या एका गृहस्थांची हकीकत ऐका. त्यांना मधुमेह होता, गोळ्यांनीं तो आटोक्यांतही होता. अशाच एका व्याख्यानानंतर त्यांनीं गोळ्या सोडल्या आणि थेंब धरले. सहा महिन्यांनीं पायाला चप्पल लागल्याचें निमित्त झालें, जखम चिघळली, आणि दोन बोटें गमवावीं लागलीं. यांतील दुःखाची गोष्ट ही कीं तुळस आणि मधुमेह यांविषयींचें सत्य उपलब्ध होतें. सन १९९६ मध्यें प्रसिद्ध झालेल्या एका भारतीय प्रयोगांत चाळीस मधुमेही रोग्यांस आळीपाळीनें तुळशीचीं पानें आणि तुलनेसाठीं निरौषधी पानें दिलीं. तुळशीनें उपाशीपोटींची साखर तुलनेनें १७.६ टक्के आणि जेवणानंतरची ७.३ टक्के उतरली. हें कमी नाहीं, पण गोळ्या फेंकून द्याव्या इतकें खासच नाहीं. शिवाय प्रयोग लहान आणि थोड्या आठवड्यांचा. सन २०१७ मध्यें मेलबर्नच्या दोघां संशोधकांनीं माणसांवरील अशा २४ प्रयोगांचा आढावा घेतला. निष्कर्ष बहुतेक अनुकूल होते, पण प्रयोग बहुधा लहान आणि मात्रा नाना प्रकारच्या. व्यासपीठावरून या दोन वाक्यांइतकें खरें बोललें गेलें असतें, तर ते गृहस्थ गोळ्यांबरोबर पानें खात राहिले असते.

असले दाखले मिळविण्याची हांव जुनीच आहे. तुळशीनें हिवताप जातो याला पुरावा म्हणून सर जॉर्ज बर्डवुड यांचें सन १९०३ मधील लंडनच्या 'टाइम्स'मधलें पत्र आजही पुढें केलें जातें. मुंबईस राणीची बाग तयार होत असतां मजुरांना डांसांनीं सतावलें, कुंपणाला तुळस लावली आणि डांस व ताप दोन्ही गेले, असा त्यांतला मजकूर. परंतु बागेच्या कामांत डबकीं किती बुजलीं, हें कोणी पाहिलें होतें काय? पुढें सन १९११ मध्यें डॉ. बेंटली यांनीं मुंबईच्या हिवतापाची तपासणी केली, तेव्हां डांसांचें माहेर शहरांतल्या विहिरींत सांपडलें. साहेबाचें पत्र म्हणजे प्रयोग नव्हे, हें आम्हां इंग्रजी शिकलेल्यांना तरी कळावयास हवें होतें.

आमच्याच वर्गांतील दुसऱ्या पंथाचाही समाचार घेतला पाहिजे. 'काढ्यांत काय आहे, गरम पाणीच ना!' असें म्हणून हे लोक हंसतात आणि आपण शास्त्रीय झालों असें समजतात. यांस मुंबईच्या डॉ. रुस्तम जाल वकील यांचें नांव ठाऊक नसावें. सर्पगंधा ही आमच्या वैद्यांची जुनी मुळी; डॉ. वकिलांनीं ती रक्तदाबाच्या पन्नास रोग्यांस देऊन, आंकडे मांडून, सन १९४९ मध्यें ब्रिटिश हृदयरोग-नियतकालिकांत निबंध लिहिला. तीन वर्षांनीं तिच्यांतून रिसर्पिन वेगळें काढण्यांत आलें. त्यांनीं मुळीला हंसून सोडलें नाहीं, तिची आरतीही केली नाहीं. तिचें माप घेतलें.

आणि ज्या डोंगरावर तें व्याख्यान झालें, त्याच्याच रानांतील नरक्याविषयीं वक्ते एक अक्षरही बोलले नाहींत. वासावरून नांव पडलेलें हें दुर्दैवी झाड कोणाच्या अंगणांत नाहीं. नंदुरबारला जन्मलेले मनसुख वाणी आणि त्यांचे सहकारी मन्रो वॉल यांनीं सन १९६६ मध्यें अमेरिकेंत एका चिनी वृक्षांतून कॅम्प्टोथेसिन शोधून काढलें. तेंच द्रव्य आमच्या नरक्यांत विपुल आहे, हें सन १९७२ मध्यें गोरेगांवच्या प्रयोगशाळेंत गोविंदाचारी व विश्वनाथन यांनीं दाखविलें. त्यापासून बनलेलीं दोन औषधें आज कर्करोग्यांस दिलीं जातात. सह्याद्रींतला नरक्या मात्र चोरून तोडला गेला, पोत्यांनीं बाहेर गेला. त्याच्यासाठीं टाळी वाजली नाहीं, कारण त्याला ओझोन चिकटवितां येत नाहीं.

वक्त्यांस आम्हीं सभेनंतर एवढेंच विचारलें कीं, ओझोनचें मापन कोणीं, कोठें, कोणत्या यंत्रानें केलें? 'श्रद्धेच्या ठिकाणीं यंत्र कशाला?' असें ते म्हणाले आणि गाडीकडे गेले. तर मग विषयाच्या नांवांत 'विज्ञान' कशाला होतें, हा आमचा दुसरा प्रश्न त्यांच्यापर्यंत पोंचला नाहीं. तो येथें छापून ठेवितों. त्यांचें उत्तर याच मासिकांत आलें तर आम्ही तें आदरानें वाचूं.